लेखिकेकडची मंडळी

मोबदल्याचा विचार मनात शिरला, की लेखणी त्याच क्षणी मरते. लेखन ही साधना आहे आणि साधकाने फळाकडे पाठ करूनच बसलं पाहिजे.

हे मी मुलुंडच्या एका व्याख्यानमालेत ऐकलं आणि ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. वक्ते एका साप्ताहिकाचे संपादक होते. उंच, अंगात खादीचा झब्बा आणि आवाज असा, की मध्येच ध्वनिक्षेपक बंद पडला तेव्हा ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. टाळ्या बराच वेळ चालल्या. त्या संपल्यावर संयोजकांनी त्यांना शाल, श्रीफळ आणि एक पाकीट दिलं. शाल आणि श्रीफळ त्यांनी शेजारी बसलेल्या अध्यक्षांच्या मांडीवर ठेवलं. पाकीट झब्ब्याच्या आतल्या खिशात गेलं.

मी तेव्हा त्यातून काही अर्थ काढला नाही. मीही साधकच होते. घाटकोपरच्या एका शाळेत मराठी शिकवत होते आणि लिहून जगता येतं का हे बघण्यासाठी वर्षभराची बिनपगारी रजा काढून घरी बसले होते. मुख्याध्यापिकाबाईंनी जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत माझी जागा राखून ठेवली होती, त्यापुढे एक दिवसही नाही, असं बजावून. वडिलांनी त्याला आपली अट जोडली. दर महिन्याला नक्की येणारं एक तरी काम जूनपर्यंत मिळव आणि मग खुशाल राजीनामा दे. नाही मिळालं तर मुकाट्याने परत जा. वडील सरकारी कचेरीत होते. त्यांच्या मते जगात दोनच प्रकारची कामं होती, पेन्शनची आणि बिनपेन्शनची, आणि वाङ्मयाचा समावेश कशात होतो हे त्यांना विचारावं लागत नसे.

मला परत जायचं नव्हतं. शाळा वाईट नव्हती. पण तिथे मी निबंध लिहीत नव्हते, तपासत होते, आणि अख्ख्या वर्गाने ‘माझी आई’ या विषयावर लिहिलेलं वाचून झालं की स्वतःच्या आईबद्दलही दोन ओळी लिहाव्याशा वाटत नाहीत.

अलीकडे लिहिणारी मुलंमुली येतात आणि विचारतात, की नोकरी न करता लिहून जगायचं तर काय लागतं. शब्दकोश, टेबल, शिस्त, असं काहीतरी मी सांगावं अशी त्यांची अपेक्षा असते. मी सांगते, तळमजल्यावर फोन असलेली शेजारीण लागते. त्यांना वाटतं मी विनोद करते आहे.

घरी फोन मिळायला तेव्हा वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे. आमच्या इमारतीत तो फक्त तळमजल्यावरच्या काकूंकडे होता, कारण काका टेलिफोन खात्यात होते. माझ्या पत्रांच्या कागदावर तोच नंबर छापलेला असे आणि पुढे ‘पी.पी.’ अशी अक्षरं. म्हणजे फोन दुसऱ्याचा, माणूस हाक मारून बोलावण्यात येईल. काळा, जडच्या जड फोन, त्यावर क्रोशाचा रुमाल आणि डायलला बोटभर कुलूप. बाहेरून कुणीही आत येऊ शकत होतं, आतून बाहेर जायला किल्ली काकूंच्या कमरेला.

काकू मालवणकडच्या. लग्न होऊन मुंबईत आल्या तेव्हा सासरे हयात नव्हते, त्यामुळे तिन्ही नणंदांची लग्नं त्यांनीच जमवली. मग इमारतीतल्या मुलींची, मग शेजारच्या इमारतीतल्या. माणसांशी बोलणी कशी करायची हे त्यांना एकाच क्षेत्रातलं माहीत होतं, पण ते पुरेपूर.

एकदा अंधेरीच्या एका जाहिरात कंपनीतून मला फोन आला. प्रेशर कुकरबरोबर जी माहितीपुस्तिका देतात, तिचं मराठी परवापर्यंत हवं होतं. मी हो म्हटलं. उद्या संध्याकाळी नाही का जमणार, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. शेवटी पाच-सहा पाककृतीही टाकून द्या, त्याचं वेगळं काही नाही, म्हणाले. मी म्हटलं, काहीच हरकत नाही. फोन ठेवून वळले तर काकू कोळंबी सोलायची थांबून माझ्याकडे बघत होत्या.

“अशी पोर मी जन्मात नाय बघितली,” त्या म्हणाल्या. “पाहुणे अजून जिन्यात आहेत आणि ही पदर सावरून पोहे घेऊन उभी.”

“काकू, काम आहे ते. लग्न नाहीये.”

“दोन्हीकडे राबायचं तुलाच ना? मग फरक काय तो सांग.”

 पुढे बरंच वाचलं, बरंच जगले, अजूनही समाधानकारक उत्तर सापडलेलं नाही.

त्या दिवसापासून काकूंनी मला लगेच हाक मारणं बंद केलं. फोन आला की आधी त्याच बोलत. मी कितीदा तरी समोर वाटी घेऊन साखर मागायला उभी असे, आणि त्या शांतपणे फोनमध्ये सांगत, की ती सांताक्रूझला गेली आहे, मोठं काम चाललंय तिथे, संध्याकाळपर्यंत काय ती येत नाय. सांताक्रूझच का, असं मी विचारलं. तिथे विमानतळ आहे, म्हणाल्या. ऐकणाऱ्याला वाटतं, जाऊन-येऊन असते.

हे मला फसवणुकीचं वाटे. पण परिणाम नाकारता येत नव्हता. परवापर्यंत हवंय म्हणणारा माणूस सोमवारपर्यंत थांबू शकतो हे मला काकूंमुळे कळलं. तो जवळजवळ नेहमीच थांबू शकतो. आणि ज्याला खरोखर परवाच हवं असतं तो आधी दुसऱ्या कुणाकडे तरी जाऊन आलेला असतो. तिथे काय बिनसलं ते विचारून घ्यावं. काकू विचारत. “आधीची कशापायी मोडली?” हा त्यांचा आवडता प्रश्न होता आणि तो त्यांनी जाहिरात कंपन्यांनाही याच शब्दांत विचारला.

बोलणी कितीही गोड झाली तरी साखरपुडा झाल्याशिवाय पत्रिका छापायला टाकायच्या नाहीत, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे हातात थोडंतरी काही पडल्याशिवाय पहिलं पान लिहायचं नाही. मला हे मागायची लाज वाटे, म्हणून मागण्याचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. लाज वाटत असेल तर बोलणी दुसऱ्याने करावी, त्यासाठीच तर मामा-काका असतात, असं त्यांनी मला समजावलं.

बोरिवलीचा एक प्रकाशक होता. शाळेच्या मुलांसाठी निबंधांची पुस्तकं काढायचा. त्याने नमुना म्हणून एक निबंध मागितला, मी दिला. आवडला, पण अजून एक बघतो म्हणाला. तोही दिला. तिसरा मागितला तेव्हा मी टेबलाशी बसलेसुद्धा होते. काकूंनी वर येऊन मला उठवलं. “तिसऱ्यांदा बघायला येतात ना, ते मुलीसाठी नाय येत गो. पोह्यांसाठी येतात.” पुढच्या वर्षी त्या प्रकाशकाच्या पुस्तकात माझे दोन्ही निबंध होते. दोन्ही चांगले छापले होते.

काकू चुकतही. मुलांच्या एका मासिकातल्या बाईंनी एकदा ऐन वामकुक्षीच्या वेळी फोन केला. काकूंनी त्यांना वळण नाही असा निकाल दिला आणि माझं लिहिणं सध्या बंद असल्याचं कळवून टाकलं. ते मासिक लेखकांना उत्तम वागवणारं म्हणून सगळ्यांना माहीत होतं, फक्त काकूंना नव्हतं. मी चिडले तेव्हा त्यांनी मलाच विचारलं, भर दुपारी दुसऱ्याच्या घरी फोन करणारी माणसं सुनेला कधी झोपू देतील काय? 

मार्च संपला तेव्हा माझ्याकडे कामं होती, पण सगळी सुटी. एक संपलं की पुढचं येईलच असं नाही. वडिलांना दाखवता येईल असं दर महिन्याचं काम एकही नव्हतं.  जेवताना ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत, आणि मीही बघे.

आणि एप्रिलात त्या संपादकांचा फोन आला. काकूंनी त्यांनाही सांताक्रूझ ऐकवलं. त्यांनी निरोप ठेवला: उपनगरातल्या रोजच्या जगण्यावर दर आठवड्याला सदर लिहाल का, गुरुवारी अंधेरीला कार्यालयात येऊन भेटा.

दर आठवड्याला. म्हणजे दर महिन्याला, चार वेळा. मी काकूंच्या स्वयंपाकघरात उभी राहून त्यांना ते व्याख्यान सांगितलं, शाल-श्रीफळासकट, लेखणी मरते ते वाक्य तर दोनदा. काकूंनी विळी आडवी केली.

“असं पहिल्याच भेटीत बोलतात ते?”

“भेट नव्हती काकू, व्याख्यान होतं.”

“मग तर चौकशी करायलाच हवी.”

चौकशी म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी लग्नाच्या मुली होत्या त्यांना सांगायला नको. मुलाच्या घरी चहा पिऊन काही कळत नाही. कळतं ते त्याच्या ऑफिसातल्या शिपायाकडून, इमारतीच्या वॉचमनकडून, कोपऱ्यावरच्या वाण्याकडून. कुणीतरी दूरचा नातेवाईक सहज गेल्यासारखा जातो, विडी पेटवतो आणि विचारतो. काकूंचे दीर अंधेरीतल्याच एका कंपनीत होते आणि या कामात मुरलेले होते. मी काकूंना बजावलं, की हे मोठे संपादक आहेत, असलं काही करायचं नाही, माझं सगळं यावर अवलंबून आहे. काकू बरं म्हणाल्या. दीर मंगळवारी जाऊन आले.

बुधवारी संध्याकाळी काकूंनी मला खाली बोलावून अहवाल दिला. माणूस निर्व्यसनी. कुणावर आवाज चढवत नाही, जो काय चढवायचा तो व्यासपीठावर. दुपारचा डबा खालच्या छापखान्यातल्या माणसांबरोबर खातो. पण साप्ताहिक बुडीत चाललेलं, कागदवाला दारात बसलेला, आणि संपादकांनी स्वतः कितीतरी महिने पगार उचललेला नाही. लिहिणाऱ्यांना काही देता येत नाही. ते जी भाषणं करत हिंडतात, त्यातून जे पाकीट मिळतं, ते छपाईचे खिळे जुळवणाऱ्या माणसाच्या हातात जातं, म्हणून तो अजून टिकून आहे. आधीचा सदर लिहिणारा का गेला? तो बँकेत लागला.

 काकूंनी माझ्यापुढे सोलकढीची वाटी सरकवली.

“मुलगा चांगला,” त्या म्हणाल्या. “स्थळ वाईट.”

“मग जाऊ की नको?”

“जा ना. बोलावलंय तर जायचं. पण हो म्हणून येऊ नको.” मग जरा वेळाने, “आणि रडूनसुद्धा येऊ नको.”

साप्ताहिकाचं कार्यालय छापखान्याच्या वर होतं. खाली यंत्र चालू असलं की टेबलावरची कपबशी हलायची. संपादकांनी मला बसायला सांगितलं, चहा मागवला आणि माझ्या दोन लेखांबद्दल चार बरे शब्द बोलले. मग म्हणाले, परवा इथे एक गृहस्थ येऊन गेले. वॉचमनला विचारत होते, साहेब पितात का.

“तुमच्याकडचे?”

नाही म्हणता आलं असतं. “हो,” मी म्हटलं. “आमच्या शेजारच्या काकूंचे दीर.”

या नात्यावर त्यांनी थोडा विचार केला. चहा आला. त्यांनी घसा साफ केला, हात किंचित वर गेला, आणि लेखन ही, एवढं म्हणून ते थांबले. हात खाली घेतला. कपाचा कान नीट माझ्याकडे वळवला.

“काय निघालं चौकशीत?”

विचारताना ते माझ्याकडे बघत नव्हते. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. पण तो प्रश्न खराच होता. इतकी वर्षं टाळ्या ऐकलेल्या माणसाला, वॉचमन आपल्याबद्दल काय म्हणतो हे कधी कळलेलं नसावं.

“काकू म्हणाल्या,” मी म्हटलं, “मुलगा चांगला आहे, स्थळ वाईट.”

ते हसले नाहीत. चष्मा काढला, झब्ब्याच्या टोकाने पुसला, परत लावला. खाली यंत्र थांबलं होतं आणि कुणीतरी कुणाला तरी शाईचा डबा मागत होतं.

“काकूंना सांगा, बरोबर आहे,” ते म्हणाले. “मी आता तुम्हाला तेच भाषण देणार होतो. ते मला चांगलं जमतं.”

मग त्यांनी मला किती मुदत आहे ते विचारलं. मी जूनचं सांगितलं, शाळेचं, वडिलांच्या अटीचं. तुमचं सदर मी आनंदाने छापीन, ते म्हणाले, पण वडिलांना दाखवता येईल असं माझ्याकडे काही नाही. मलाही एक मुलगी आहे, एवढं मला कळतं. आणि त्यांनी फोन उचलला. भांडुपला रंगाचा एक कारखाना होता. तिथल्या कामगार अधिकाऱ्यांशी त्यांची ओळख होती. कारखान्याची एक गृहपत्रिका दर महिन्याला निघे आणि तिची मराठी पानं बघणारा माणूस नुकताच निवृत्त झाला होता. संपादक अगदी साध्या, घरगुती आवाजात बोलत होते. त्यांच्याकडे असाही एक आवाज आहे हे मला माहीत नव्हतं.

“हो, लिहिते चांगलं. वेळेवर देते, हो.” पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. “घरची माणसं ना? चांगली आहेत. जरा कडक आहेत.”

अधिकारी म्हणे विचार करून कळवणार होते. एप्रिल गेला. मे गेला म्हणता येईल इतका गेला. वडिलांनी माझी जुनी छत्री दुरुस्त करून आणली आणि दारामागे टांगली; शाळेत नेण्यासाठी, हे उघड होतं. मी ती बघून न बघितल्यासारखं करत होते. मुख्याध्यापिकाबाईंचं कार्ड आलं, की वेळापत्रकात तुमचं नाव घालते आहे.

मग एका दुपारी, काकू झोपतात त्या वेळी, खालून हाक आली. “गो, फोऽऽन!”

मी जिना उतरत होते आणि मनात एकच होतं, की या वेळी फोन केलाय, म्हणजे बिचाऱ्याला सांताक्रूझ तरी ऐकवलं असणार किंवा वळण तरी काढलं असणार. काकू फोनच्या तोंडावर हात धरून दारातच उभ्या होत्या. केस सुटलेले, डोळ्यांवर झोप.

“भांडुप,” त्या कुजबुजल्या. “पगार सात तारखेला होतो. कॅन्टीनमध्ये मासे बुधवारी. आधीचा रिटायर झाला, भांडून नाय गेला. माणूस पाठवून बघून झालंय सगळं. हो म्हण.”

“पहिल्याच फोनला?”

“चांगल्या स्थळाला ताटकळत ठेवत नाहीत गो. घे.”

मी हो म्हटलं. अधिकाऱ्यांनी विचारलं, सांताक्रूझचं काम आटोपलं का? मी म्हटलं, आटोपलं.

जूनमध्ये मी घाटकोपरला जाऊन राजीनामा दिला. वडिलांची छत्री बरोबर नेली होती, ती उपयोगी पडली. गृहपत्रिकेतला माझा पहिला लेख शिडी भिंतीला कशी टेकवावी यावर होता. तो लिहिताना मी जितके खर्डे केले तितके पुढे कुठल्या कथेसाठीही केले नाहीत. वडील नातेवाइकांना सांगत, की ती रंगाच्या कंपनीत आहे. लिहिते, हे ते सांगत नसत, पण अंक आला की शिडीपासून शेवटच्या पानापर्यंत वाचत. कारखान्याचं काम हाताशी होतं म्हणून मग बाकीचं लिहिता आलं: कथा, नभोवाणी, ही असली आठवणींची पानं. नव्या मुलांना मी हेही सांगते. आधी एक शिडी शोधा, कितीही कंटाळवाणी असली तरी, आणि ती नीट टेकवा. त्यांना तेही विनोदाचं वाटतं.

संपादकांना मी महिन्याकाठी एक लेख देत राहिले. काही मिळणार नाही हे माहीत होतं, म्हणून त्याचा त्रास झाला नाही. काकूंनी याला आक्षेप घेतला नाही. सगळीकडे व्यवहार बघायचा नसतो, म्हणाल्या, एखाद्या घरी नुसतं जायचं-यायचं ठेवावं. दिवाळीनंतर साप्ताहिक बंद पडलं.

पुढच्या वर्षी कारखान्यात कामगारांसाठी व्याख्यान ठेवायचं ठरलं. वक्ता सुचवायचं काम गृहपत्रिकेकडे, म्हणजे माझ्याकडे आलं. मी त्यांचं नाव दिलं. ते आले. तोच झब्बा, कोपरावर आता रफू केलेला. कॅन्टीनमधली टेबलं बाजूला सारून सतरंज्या घातल्या होत्या, पहिली पाळी सुटलेली माणसं रंगाच्या वासासकट येऊन बसली होती. संपादकांनी हात वर केला आणि सांगितलं, की मोबदल्याचा विचार मनात शिरला, की लेखणी त्याच क्षणी मरते.

ते वाक्य या खेपेला मला जास्त पटलं. हा माणूस ते फुकट जगून दाखवत आला होता, हे मला आता माहीत होतं. टाळ्या बराच वेळ चालल्या. त्या संपल्यावर कामगार अधिकाऱ्यांनी त्यांना शाल आणि श्रीफळ दिलं.

पाकीट मी भाषणाच्या आधीच देऊन टाकलं होतं.